बारमाही

काही शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, की ते कोणत्या मातीतून आले याचा विचार करण्याची वेळ क्वचितच येते. माझ्यावर ती वेळ गुलमर्गमधील एका हॉटेलच्या स्वागतकक्षात आली. समोरच्या टेबलावर एक गुळगुळीत माहितीपत्रक पडले होते. डाव्या पानावर हिरवेगार गोल्फचे मैदान, उजव्या पानावर तेच मैदान बर्फाखाली, आणि दोन्ही पानांवरून आडवी गेलेली एक इंग्रजी ओळ. येथे वर्षाचे बाराही महिने मैदानी मौज उपलब्ध आहे, असा तिचा आशय. उन्हाळ्यात गोल्फ, घोड्यावरची रपेट, पायी भटकंती. हिवाळ्यात स्की, स्नोबोर्ड, स्लेज. भाषा शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. मी मनातल्या मनात त्या ओळीचा मराठी अनुवाद करू लागले आणि 'बारमाही' या शब्दापाशी अडखळले.

मराठीत हे विशेषण मौजेला लागत नाही. ते पाण्याला लागते. नदी बारमाही असते, विहीर बारमाही असते, आणि या दोन्ही असतील तर बागाईत बारमाही असते. माझे आजोळ माण तालुक्यातले. तिथे हा शब्द जपून वापरावा लागे. गावात विहिरी पुष्कळ होत्या. पण बारमाही म्हणावी अशी एखादीच. सोयरीक जमवताना मुलाकडच्या जमिनीआधी विहिरीची चौकशी होई, असे आई सांगते. बारमाही म्हणजे, माणसाने कितीही ठरवले तरी त्याच्या हाती नसलेली गोष्ट. ती असली तर नशीब.

हा विचार मनात असताना मी खिडकीबाहेर पाहिले. तारीख होती ११ जानेवारी २०२४. चिल्लई कलान सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा हा काळ काश्मीरमध्ये सर्वांत कडक थंडीचा आणि टिकाऊ बर्फाचा मानतात. खिडकीबाहेर थंडी होती. पण माहितीपत्रकाचे डावे पान बाहेर नव्हते आणि उजवेही नव्हते. बाहेर होते वाळलेले, तपकिरी, उन्हात पसरलेले गवत.

मी गुलमर्गला पहिल्यांदा गेले ती जून २०१२ मध्ये, महाराष्ट्रातून निघालेल्या एका सहलीबरोबर. श्रीनगरपासून सुमारे पन्नास किलोमीटर. तंगमर्गला शेवटचा बाजार लागतो, तिथून देवदारांमधून वळणे घेत रस्ता चढतो आणि एका वळणावर अचानक उघडतो. समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर, परातीसारखे खोलगट, सर्व बाजूंनी वृक्षांनी वेढलेले कुरण. काश्मिरी भाषेत मर्ग म्हणजे कुरण. सोनमर्ग, खिलनमर्ग ही त्याचीच भावंडे. गुलमर्ग हे नाव सोळाव्या शतकातील सुलतान युसुफ शाह चक याने दिले असे सांगतात. या कुरणाचा मोठा भाग आज अठरा होलच्या गोल्फ मैदानाने व्यापला आहे, आणि बहुतेक हॉटेले या परातीच्या काठावर बसली आहेत. ज्याला आपण गुलमर्ग म्हणतो ते बऱ्याच अंशी एका गोल्फ मैदानाभोवती वसलेले विश्रामस्थान आहे.

गोल्फ हा खेळ तोवर मी प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. सहलीतील बाकीची मंडळी केबल कारच्या रांगेत असताना मी मैदानाच्या कडेला बसून राहिले. एक वयस्कर गृहस्थ चेंडूपाशी उभे होते. त्यांनी काठी फिरवली, चेंडू दिसेनासा झाला, आणि ते त्याच्या मागे सावकाश चालू लागले. पुढची काही मिनिटे काहीच घडले नाही. कोणी धावले नाही, कोणी ओरडले नाही. नंतर कळले, की उंचीवरच्या विरळ हवेत चेंडू सपाटीपेक्षा दूर जातो, आणि अठरा होलचा एक पूर्ण डाव चार तास सहज घेतो. मला त्या क्षणी मराठीतला 'सवड' हा शब्द आठवला. फुरसत, विरंगुळा, करमणूक यांपैकी कशापेक्षाही सवड हा शब्द मोठा आहे. त्यात वेळेबरोबर जागाही येते. गोल्फ हा मला सवडीचा खेळ वाटला. त्या गृहस्थांच्या दहा पावले मागे, खांद्यावर काठ्यांची जड पिशवी घेऊन एक माणूस चालत होता. त्याच्याकडे मी पाहिले. पण माझ्या सवडीच्या व्याख्येत त्याला कुठे बसवावे हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, हे कबूल केले पाहिजे.

परत आल्यावर मी या जागेविषयी थोडे वाचले आणि त्यातून माझे एक आवडते मत तयार झाले. मुळात हे कुरण उन्हाळ्यात गुरे-मेंढरे चारणाऱ्यांचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश अधिकारी पंजाबच्या उकाड्यातून पळून इथे येऊ लागले. काश्मीर दरबार परक्यांना जमीन विकत घेऊ देत नसे, म्हणून खाली श्रीनगरात त्यांनी पाण्यावर हाउसबोटी केल्या आणि इथे लाकडी कुट्या. मग गोल्फ आले, पोलो आला, चर्च आले. पण हे सारे उन्हाळ्यापुरते. शरद संपत आला की कुट्यांना कुलपे लागत, मंडळी खाली उतरत आणि कुरण महिनोन्महिने बर्फाखाली एकटे राहत असे. आपल्याकडे महाबळेश्वरचे असेच होते. पावसाळा जवळ आला की भिंतींना गवताच्या झड्या बांधायच्या आणि हंगाम मिटवून टाकायचा. माणसांना विश्रांती देणारी ही गावे स्वतःही वर्षातून एकदा विश्रांती घेत.

मग ही विश्रांती हळूहळू संपली. १९२७ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी गुलमर्गमध्ये स्की क्लब काढला, १९४८ मध्ये लष्कराची बर्फावरच्या युद्धाचे शिक्षण देणारी शाळा आली. तरी हिवाळा मूठभरांचाच होता. १९९८ मध्ये केबल कारचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत सुरू झाला आणि २००५ मध्ये दुसरा टप्पा अफरवट पर्वताच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ चार हजार मीटर उंचीवर पोचला. आता ज्याने आयुष्यात स्की पाहिली नाही असा माणूसही जानेवारीत तिथे जाऊ शकत होता. गुलमर्ग बारमाही झाले. 'स्थळालाही सवड हवी' असे एक वाक्य मी तेव्हा वहीत लिहून ठेवले होते आणि त्यावर कधीतरी लेख लिहायचा असे योजले होते. बरे झाले, लिहिला नाही.

दुसऱ्यांदा गेले ते आईसाठी. वडील गेल्यानंतर तिने कधी काही मागितले नव्हते. एका संध्याकाळी दूरदर्शनवर काश्मीर पाहताना म्हणाली, "मला बर्फ पडताना पाहायचाय." पडलेला नव्हे, पडताना. बहात्तर वर्षांच्या आयुष्यात पाऊस पडण्याची वाट पाहण्यात जिची बरीच वर्षे गेली, तिला आकाशातून येणाऱ्या पाण्याचा हा दुसरा प्रकार पाहायचा होता. मी रजा टाकली, तिकिटे काढली. संक्रांत चार दिवसांवर होती, म्हणून तिने तिळगुळाचे लाडू करून बरोबर घेतले.

त्या हिवाळ्याची बातमी आम्ही निघण्याआधीच पसरली होती. बोडक्या गुलमर्गची छायाचित्रे लोक एकमेकांना पाठवत होते. तरीही तंगमर्गला गमबूट आणि लांब कोट भाड्याने देणाऱ्यांनी आमची गाडी अडवली. "वर बर्फ आहे का?" असे मी विचारले, तेव्हा त्यातला एक पोरगा नजर चुकवून म्हणाला, "ठंड तो है." चाकांना साखळ्या बांधून देणारे रिकामे उभे होते. वर पोचलो तर अफरवटच्या माथ्यावर थोडे पांढरे पट्टे, आणि खाली ते तपकिरी मैदान. कडेला उलट्या घालून ठेवलेल्या लाकडी स्लेज आणि त्यांच्याजवळ, फिरनच्या आत कांगडी धरून बसलेली माणसे. ती आमच्याकडे पाहत नव्हती. वर पाहत होती.

मी आईची समजूत घालण्यासाठी शब्द शोधत होते. पण ती निराश झाल्यासारखी दिसेना. ती त्या माणसांकडे पाहत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "मृग कोरडा गेला की आमच्या पारावर माणसं अशीच बसायची. बोलायचं नाही कुणी. नुसतं वर बघायचं."

तिच्या या एका वाक्याने मी ज्याला पर्यटनस्थळ समजत होते ते गाव झाले.

त्यांच्यापैकी पंचावन्न-साठीचे एक चाचा उठून आमच्याजवळ आले. स्लेज तर चालणार नव्हती. पण सवयीने आले असावेत. मला 'मॅडम' आणि आईला 'माताजी' म्हणाले, आणि पुढे काय बोलावे हे न सुचून उभे राहिले. मी पर्स उघडून काही नोटा काढल्या. त्यांनी हात मागे घेतला. "स्लेज ओढली नाही, तर पैसे कशाचे?"

आईने मला हळूच दटावले. "असे पैसे नाही द्यायचे. काम द्यायचं असतं." १९७२ च्या दुष्काळात ती वीस वर्षांची होती आणि सहा महिने रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. फुकटची सुकडी घेताना मान खाली जाई, पण मजुरी घेताना जात नसे, हे तिने पूर्वी अनेकदा सांगितले आहे. मग तिने आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत चाचांना विचारले, "भैया, हमको ये मैदान दिखाओगे क्या? पूरा?"

तसे आम्ही त्या मैदानाला वळसा घातला. चाचा पुढे, आई त्यांच्या बरोबरीने, मी मागे. ते दाखवत होते: हा पहिला होल, हा उतार फसवा आहे, इथे चेंडू नेहमी डावीकडे जातो. मी विचारले, तुम्हाला गोल्फ कसे येते? ते हसले. मे ते ऑक्टोबर ते पिशवी उचलतात, म्हणजे कॅडीचे काम करतात. डिसेंबर ते मार्च स्लेज ओढतात. ज्या उतारावर उन्हाळ्यात खांद्यावर पट्टा असतो त्याच उतारावर हिवाळ्यात दोरी. "आणि एप्रिल, नोव्हेंबर?" त्यांनी दुकानाच्या दिशेने हात केला. "उधारी."

मला बारा वर्षांपूर्वीचा, दहा पावले मागे चालणारा तो माणूस आठवला. हेच ते असतील असे नव्हे. पण माहितीपत्रकाच्या दोन पानांमधली शिवण काय आहे हे मला तेव्हा दिसले. मैदान बारमाही नव्हते, मौजही नव्हती. बारमाही राबणारी माणसे तेवढी होती.

बोलता बोलता मी माझे आवडते मत त्यांच्यापुढे मांडले. पूर्वी हिवाळ्यात ही जागा बंद असे, तेव्हा तिला आणि तुम्हा सर्वांना थोडा आराम तरी मिळत असेल, असे काहीसे म्हणाले. ते थांबले आणि माझ्याकडे वळून पाहू लागले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आराम? मॅडम, तेव्हा हिवाळा लागला की माझे वडील पंजाबात जायचे, हमालीला. बर्फ वितळलं की यायचे. लहानपणी हिवाळ्यात मी वडील पाहिलेच नाहीत. माझ्या मुलांनी मला पाहिलं. या स्लेजमुळे."

त्यावर बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. स्थळाला सवड हवी, हे वाक्य खोटे होते असे मला आजही वाटत नाही. पण ते ज्याला कुलूप लावून दुसरीकडे जाता येते अशा माणसाचे वाक्य होते. कुट्या बंद करून खाली उतरणाऱ्यांसाठी तो हंगामाचा शेवट होता. मागे राहणाऱ्यांसाठी तो स्थलांतराचा आरंभ होता. मी इतिहास वाचला होता तो पहिल्यांच्या बाजूने.

आईचा प्रश्न माझ्यापेक्षा साधा होता. तिने विचारले, "बर्फ नाही पडलं तर पाण्याचं काय?" चाचा एकदम तिच्याशी निराळ्या आवाजात बोलू लागले, शेतकरी शेतकऱ्याशी बोलतो तसे. पाऊस येतो आणि वाहून जातो, बर्फ बसून राहतो आणि हळूहळू मुरतो. वसंतात झरे भरतात ते त्यावर, खाली सफरचंदाच्या बागा आणि भाताची खाचरे पाणी पितात ते त्यावर. जमिनीसाठी बर्फ रजईसारखा. तो नसला तर नुसती थंडी मुळांपर्यंत जाते. पायाखालचे गवत त्यांनी बुटाने जरा उकरून दाखवले. "माझी मजुरी बुडाली तर बुडाली, माताजी. पण जूनमध्ये गावचा झरा काय करेल?" आई म्हणाली, "आमच्याकडे टँकर येतो." मग दोघेही काही वेळ गप्प राहून चालत होते.

हे माझ्या लक्षात तोवर आले नव्हते, की डावे पान उजव्या पानाच्या पाण्यावर उगवते. आम्ही मौजेचे हंगाम वेगवेगळे मोजतो: हा गोल्फचा, हा स्कीचा, याचे दर हे, त्याचे दर ते. जमिनीच्या हिशेबात ते एकच खाते आहे. जानेवारीत जमा झाले नाही तर जुलैत काढता येत नाही. आणि हवा तापत चालली आहे हे जे आपण वर्गात, वर्तमानपत्रांत, परिसंवादांत म्हणतो, त्याचा अर्थ या उतारावर इतकाच होता, की दोरी ओढायला माणूस आहे आणि ओढायला बर्फ नाही.

निघताना आईने ठरलेली मजुरी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती मोजून घेतली. मग तिने लाडवांचा डबा उघडला. तिळगूळ कशासाठी देतात हे तिने समजावून सांगितले. त्यांनी एक तिथेच खाल्ला आणि एक नातवासाठी फिरनच्या खिशात ठेवला. मी त्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहून घेतला, बर्फ पडला की कळवा म्हणाले. आम्ही बर्फ न पाहताच परतलो.

जानेवारीच्या अखेरीस बर्फ आला. त्यांनी शब्द पाळला. एका सकाळी माझ्या दूरध्वनीवर छोटीशी चित्रफीत आली. पांढरे आकाश, पांढरी जमीन आणि मध्ये दाट पडणारे काहीतरी. खाली दोन शब्द: 'शीन मुबारक'. आईने ती तीन वेळा पाहिली. मग कानाजवळ नेली आणि विचारले, "याला आवाज नसतो का गं?" मी म्हणाले, नसतो. ती म्हणाली, "मग रात्री पडलं तर कळायचं कसं?" पत्र्यावर पाऊस वाजला की अंधारात उठून बसणाऱ्या पिढीचा तो प्रश्न होता.

त्या वर्षी हिवाळी खेलो इंडिया स्पर्धा बर्फाअभावी पुढे गेल्या आणि फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यात झाल्या. २०२५ मध्येही तसेच घडले. फेब्रुवारीतल्या स्पर्धा मार्चवर गेल्या. आणि नंतर आला २२ एप्रिल २०२५. पहलगामजवळच्या बैसरनमध्ये २६ माणसे मारली गेली, त्यांतली सहा आपल्या महाराष्ट्रातली. बैसरन हेही एक कुरणच, लोक सहलीला जातात असे. त्यानंतर काश्मीरमधील ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळे बंद करण्यात आली. आमच्या वसाहतीतल्या दोन कुटुंबांनी मे महिन्याची तिकिटे रद्द केली, आणि ती केली याबद्दल त्यांना कोणी दोष देऊ शकत नव्हते.

त्या दिवसांत चाचांना फोन करावा की नाही, या विचारात माझे चार दिवस गेले. काय बोलायचे हे सुचत नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात काही कडवट होते. शेवटी आईने लावायला लावला. पलीकडून त्यांचा आवाज आला. "माताजी, माफ करा," इतकेच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. ज्याने काही केलेले नाही त्याने क्षमा मागावी हे ऐकणे फार अवघड असते. आई म्हणाली, "तुम्ही कशाला, भैया? तुम्ही कशाला?" कामाविषयी त्या दिवशी कोणीच काही विचारले नाही.

ते माहितीपत्रक माझ्याकडे आहे. एका कवितासंग्रहात खूण म्हणून ठेवले आहे. त्यातली ओळ खोटी आहे असे मी म्हणणार नाही. कोणतीच जाहिरात आपल्या शब्दांना पाणी कुठून येते हे सांगत नाही. पण अनुवाद करताना 'बारमाही' हा शब्द मी आता वापरणार नाही. तो ज्यांच्यासाठी राखून ठेवावा अशी माणसे मला माहीत आहेत, आणि त्यांनीही तो स्वतःबद्दल वापरला असता असे वाटत नाही.

आईला मात्र एक नवी सवय लागली आहे. आजोळी पाऊस पडला का, हे ती मामाला दर मृगाला फोन करून विचारते. आता डिसेंबर संपत आला, की ती मला हाक मारते आणि विचारते, "तिकडे पडलं का गं?" कुठे, हे मला विचारावे लागत नाही.